तीन कोटेशनं, तीन वेगळ्या इमारती

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं इमारतीच्या काचेच्या एलिव्हेशनची, म्हणजे दर्शनी भागाची आहेत. पावसाळ्याआधी टेंडर काढायची घाई, त्यात २०२७च्या सिंहस्थाआधी इमारत रस्त्यावरून पूर्ण दिसली पाहिजे हा मालकांचा हट्ट. पत्रं आटोपशीर करून छापते आहे. नावं मुद्दाम काढली आहेत. नाशिकमध्ये कोणाच्या साइटवर कोणाचा ग्लेझिंगवाला आहे हे तसंही सगळ्यांना ठाऊक असतं, माझ्या सदरातून कळायला नको.

प्रश्न : ताई, गंगापूर रोडला आमची तळमजला अधिक नऊ मजल्यांची व्यापारी इमारत चालू आहे. रस्त्याकडची पूर्ण बाजू आणि पश्चिमेची अर्धी बाजू स्ट्रक्चरल ग्लेझिंग (सिलिकॉननं चिकटवलेली काच), बाकी एसीपी (ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये कोअर, म्हणजे मधला थर असलेली शीट). तीन कोटेशनं आली आहेत : प्रति चौरस फूट ६४० रुपये (अंबडचा फॅब्रिकेटर), ८१० (पुण्याची कंपनी) आणि ९८५ (मुंबईची). तिघांना ड्रॉइंग एकच दिलं होतं. आर्किटेक्ट म्हणतात मधला घ्या. भागीदार म्हणतो पहिल्याला घासाघीस करून ६००वर आणू. आता कन्सल्टंट नेमायला वेळ आहे का, आणि तो नक्की करणार काय? तिन्ही कोटेशनं सोबत जोडली आहेत.
— एक बिल्डर, गंगापूर रोड

उत्तर : वर्क ऑर्डर निघालेली नाही तोवर वेळ आहे. ती निघाली की माझ्यासारख्या फसाड कन्सल्टंटचा, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या आवरणाच्या सल्लागाराचा, उपयोग निम्म्यावर येतो, कारण मग सुचवलेली प्रत्येक गोष्ट ‘एक्स्ट्रा आयटम’ होते.

‘मधला घ्या’ हा सल्ला लग्नाच्या साड्या घेताना चालतो. इथे तुमच्यासमोर एकाच मालाचे तीन भाव नाहीतच. कोटेशनं शेजारी शेजारी ठेवून मी शेवटच्या पानापासून वाचत गेले (दर पहिल्या पानावर असतो, खरी गोष्ट शेवटच्या), तेव्हा दिसलं ते असं.

अंबडच्या फॅब्रिकेटरनं काच लिहिली आहे ‘६ मिमी रिफ्लेक्टिव्ह टफन’. म्हणजे एकेरी काच. बाकी दोघांनी ६+१२+६ची डबल ग्लास (सहा मिमीच्या दोन काचा, मध्ये १२ मिमी हवा) धरली आहे. तुमच्या ड्रॉइंगवर नुसतं ‘ग्लेझिंग ॲज पर आर्किटेक्ट’ असं असल्यामुळे तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पश्चिमेच्या बाजूला एकेरी काच लावलीत, तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारला त्या ऑफिसांत बसणारा माणूस तुम्हाला काय म्हणेल ते मी लिहीत नाही.

पुण्याच्या कंपनीचं चौथं पान बारीक अक्षरात आहे. त्यात क्रेडल (बाहेरून काम करायचा लोंबता पाळणा) आणि क्रेन, साइटवरची वीज, स्लॅबच्या कडेची दुरुस्ती, शेवटची साफसफाई आणि फायर स्टॉप हे सगळं ‘क्लायंट स्कोप’ म्हणून टाकलं आहे. शिवाय त्यांनी एसीपीचं माप वळलेल्या कडांसकट धरलं आहे, अंबडवाल्यानं समोरून दिसतं तेवढंच. त्यामुळे पुण्याचं क्षेत्रफळच जास्त भरतं. प्रति चौरस फूट दराची तुलना करताना गुणिले किती चौरस फूट हे कोणी विचारतच नाही.

आता मुंबईची. त्यांनी सोबत दोन पानांचं कॅल्क्युलेशन जोडलं आहे हे कौतुकाचं, पण त्यात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर घेतला आहे. तो मुंबईचा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात नाशिकला ३९ आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात जातो, त्यामुळे ३९ला मूळ दाब चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन येतो आणि ४४ला सुमारे ११६०. सव्वापटीहून जरा जास्तच. उंची, आजूबाजूचा परिसर आणि कोपऱ्यावरची जादा ओढ यांचे गुणक दोन्हीकडे नंतर लागतातच. म्हणजे मुंबईवाल्यांनी त्यांच्या नेहमीच्या कामाचं शीट उघडून पत्ता बदलला आणि तुम्हाला गरजेपेक्षा जाड ॲल्युमिनियम विकायला काढलं. लबाडी नाही, घाई आहे. पण ९८५मधला काही हिस्सा या घाईचा आहे. मात्र स्लॅबची कड आणि काच यांच्यामधल्या फटीचा फायर स्टॉप तिघांत फक्त त्यांनीच धरला आहे. ती फट तळापासून नवव्या मजल्यापर्यंत सलग जाते. ती मिनरल वूल आणि स्मोक सीलनं बंद केली नाही, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आगीचा धूर वरच्या सगळ्या मजल्यांना मिळतो. अंबडच्या कोटेशनात तो शब्दच नाही.

तेव्हा कन्सल्टंटचं पहिलं काम असं : एक तक्ता तयार करायचा, त्यात काच, प्रोफाइल, ब्रॅकेट, सीलंट, गास्केट, कोटिंग, फायर स्टॉप, क्रेडल, टेस्ट, वॉरंटी अशा ओळी घालायच्या, प्रत्येक ओळीत आपल्याला काय हवं ते स्वच्छ लिहायचं आणि तिघांकडून त्याच तक्त्यावर पुन्हा दर मागवायचे. कोणाला काही वगळायचं असेल तर त्या ओळीसमोर ‘समाविष्ट नाही’ लिहून सही करायची. कोरी जागा चालणार नाही. आठवड्याभराचं काम आहे. माझा अंदाज, ६४० बराच वर सरकेल, ९८५ खाली येईल आणि ८१० सोडलेल्या आयटमांमुळे वर जाईल. तिघं किती जवळ येतात ते तेव्हा पाहा, मग घासाघीस.

आणि भागीदारांना सांगा, ६००वर आणायचा असेल तर जरूर आणा, पण कुठून कमी केलं ते लेखी घ्या. ग्लेझिंगवाला पैसे वाचवतो त्या जागा ठरलेल्या असतात. ईपीडीएम रबराऐवजी पीव्हीसीचं गास्केट (सांध्यातली पट्टी), जे उन्हाळे सोसून आक्रसतं आणि कोपऱ्यात फट सोडतं. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्क्रूऐवजी झिंक प्लेटेड. पावडर कोटिंग ६० मायक्रॉनच्या जागी चाळीसच्या आसपास. डोळ्यांना कळत नाही, मायक्रॉन मोजायचं मीटर लावलं की कळतं. आणि मलियनची, म्हणजे काच धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या उभ्या दांड्याची, खोली. १००ची ८० मिमी केली तर वरवर पाहता पाचवा हिस्सा कमी, पण वाकण्याला होणारा विरोध तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घटतो. म्हणून तक्त्यात एक ओळ अशी घाला : दर चौरस मीटरला ॲल्युमिनियम किती किलो. या एका आकड्यावर गप्पा मारणारे आणि हिशेब केलेले वेगळे पडतात. ज्याचं वजन सगळ्यात कमी, त्याच्याकडून मलियनचं डिफ्लेक्शन (वाऱ्यानं किती वाकतो ते) मागा. ते साधारणपणे स्पॅनच्या १७५व्या हिश्शाच्या आत बसलं पाहिजे.

सिलिकॉनचंही तसंच. स्ट्रक्चरल ग्लेझिंगमध्ये काच स्क्रूवर उभी नसते, सिलिकॉनच्या पट्टीवर चिकटून असते. त्या पट्टीची रुंदी, ज्याला बाइट म्हणतात, हिशेबानं काढावी लागते. काचेची लहान बाजू १.२ मीटर आणि डिझाइनचा वारा दीड किलोपास्कल धरला तर ती साडेसहा मिलिमीटर येते. ‘आम्ही नेहमी सहा ठेवतो’ हे उत्तर तुम्हाला ऐकायला मिळेल. सहा ही किमान मर्यादा आहे, उत्तर नव्हे.

तक्ते आले की तिघांच्या वर्कशॉपला जा. आधी फोन न करता गेलात तर उत्तम. मशीन किती हे बघू नका, मशीन भाड्यानंही दाखवता येतात. काच चिकटवण्याच्या टेबलापाशी जा आणि बटरफ्लाय टेस्टचं रजिस्टर मागा. दोन घटकांचं सिलिकॉन पंपातून येतं, बेस पांढरा आणि कॅटॅलिस्ट काळा. रोज काम सुरू करण्याआधी थोडा माल कागदावर काढतात, कागद दुमडून दाबतात आणि उघडतात. सगळीकडे सारखा काळा दिसला तर मिश्रण नीट, पांढरे-करडे पट्टे दिसले तर पंप बंद करून साफ करायचा. चांगल्या शेडमध्ये हे दुमडलेले कागद तारखेनुसार फाइलला लावलेले असतात, त्यावर बॅच नंबर असतो, कोणाची तरी गिचमिड सही असते. फाइल नवीकोरी आणि सगळे कागद एकाच पेनानं लिहिलेले असतील तर ती काल रात्री बनवली आहे. फाइलच नसेल तर चहा घ्या आणि निघा.

शेवटचं वॉरंटीचं. तिघांनीही एक वर्षाचा दोषदायित्व काळ लिहिला आहे. तुम्ही गाळे विकणार असाल तर रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधणीतला आणि कामाच्या दर्जातला दोष तुमच्या खर्चानं दुरुस्त करायचा आहे. म्हणजे दुसऱ्या ते पाचव्या वर्षाचं गळणारं पाणी कोणाचं? आजच्या घडीला तुमचं. टेंडरमध्येच सबकॉन्ट्रॅक्टरचा काळ ताब्याशी जोडून घ्या, आणि सिलिकॉन कंपनीची वॉरंटी वेगळी मागा. ती ब्रँड वापरला म्हणून आपोआप मिळत नाही. कंपनीनं तुमची ड्रॉइंग तपासून, तुमच्याच काचेवर आणि तुमच्याच कोटिंगवर चिकटण्याची चाचणी घेऊन, इमारतीच्या नावानं द्यावी लागते. हे काम सुरू होण्याआधी केलं तरच होतं.

प्रश्न : किती जणांकडून टेंडर मागवावं?
— सिडको

उत्तर : तुम्ही ज्यांच्या वर्कशॉपला स्वतः जाऊन येऊ शकता तितक्यांकडून. बहुतेकांच्या बाबतीत हा आकडा चारच्या वर जात नाही.

प्रश्न : मॅडम, मी आर्किटेक्ट आहे. मालकाला फसाड कन्सल्टंट नेमा म्हटलं की तो म्हणतो, ‘ग्लेझिंगवाला डिझाइन फुकट देतो, मग आणखी एकाला पैसे कशाला?’ त्याला पटेल असं काय सांगू? आणि फी टक्क्यांवर असावी का? टेंडरमधले दर कधी उघडावेत?
— कॉलेज रोड

उत्तर : फुकट डिझाइन देणाऱ्याचं डिझाइन त्याच्याच प्रोफाइलवर बेतलेलं असतं. ते ड्रॉइंग टेंडरला जोडलंत की बाकीच्यांना त्याच्या सिस्टीमवर दर द्यावे लागतात, त्यांना ते महाग पडतं आणि तो आपसूक सगळ्यात स्वस्त ठरतो. यात काही गैर नाही, त्याचा धंदा आहे. मालकाला फक्त एवढं विचारा, की पेपर काढणाराच परीक्षेला बसला तर पहिला कोण येणार?

फी टक्क्यांवर नको. काम महाग झालं की कन्सल्टंटचं बिल वाढतं ही रचनाच वाईट. एकरकमी ठरवा आणि टप्पे पाडा : टेंडरचे कागद, आलेल्या दरांची छाननी, शॉप ड्रॉइंग तपासणी, वर्कशॉप आणि साइटच्या भेटी. मालकाचा हात आखडता असेल तर पहिले दोन टप्पे तरी घ्यायला लावा, बाकी तुमचा साइट इंजिनिअर जरा कळता असेल तर ओढून नेता येतं. उलटं कधी करू नका. टेंडरच्या वेळी कोणी नाही आणि गळती लागल्यावर कन्सल्टंटला बोलावलं, तर तो फक्त पाणी कुठून येतंय ते सांगू शकतो.

आणखी एक, यावर आमच्यातले काही जण माझ्यावर रागावतील. नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या की कन्सल्टंट प्रोफाइल कंपनी, काच प्रोसेसर, सीलंटचा डीलर किंवा कोणत्याही बोलीदाराकडून कमिशन घेत नाही. जो सही करायला कां-कूं करेल त्याला नेमू नका. टेंडरमध्ये एकाच ब्रँडचं नाव तीन-तीनदा येतं आणि ‘किंवा समतुल्य’ हे शब्द कुठेच दिसत नाहीत, तेव्हा कारण बहुतेक वेळा तांत्रिक नसतं.

दर उघडण्याबद्दलही विचारलं आहेत. तांत्रिक पाकीट आधी, दराचं नंतर, आणि तांत्रिकवर सह्या झाल्याशिवाय दराचं उघडायचं नाही. खासगी कामात मालक दराचं पाकीट आधी फोडतो, घरी नेऊन. एकदा आकडा डोळ्यांत बसला की त्यापुढचं तांत्रिक गुणांकन म्हणजे आकड्याला शोभतील अशी कारणं शोधणं असतं.

प्रश्न : आमच्या नवीन इमारतीला डबल ग्लास लावली. काच नवी मुंबईकडच्या कारखान्यातून आली. लावल्यावर समोरच्या झाडांची, विजेच्या खांबांची प्रतिबिंबं फुगल्यासारखी, वेडीवाकडी दिसतात. सबकॉन्ट्रॅक्टर म्हणतो काच अशीच असते. पुढच्या इमारतीच्या टेंडरमध्ये काय लिहावं?
— नाशिक रोड

उत्तर : ‘अशीच असते’ हे अर्धसत्य आहे. टफन करताना काच भट्टीत रोलरवरून जाते, त्यामुळे थोडी लहर येतेच. पण तुम्ही फोटोत दाखवलंय तसा प्रत्येक काचेचा मध्य फुगलेला दिसत असेल, तर कारण कसारा घाट असू शकतो.

डबल ग्लासच्या दोन काचांमधली हवा कारखान्यात सीलबंद होते. कारखाना समुद्रसपाटीजवळ, नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर. इथे बाहेरच्या हवेचा दाब सुमारे सात किलोपास्कलनं कमी. आत कोंडलेली हवा मात्र समुद्रसपाटीच्या जास्त दाबाची, ती बाहेर ढकलते आणि दोन्ही काचा बाहेरच्या बाजूला फुगतात. मोठी काच लवचिक असल्यामुळे फुगून ताण सोडते, पण दिसायला वाईट दिसते. लहान, जाड काच फुगत नाही, त्यामुळे सगळा ताण काचेवर आणि कडेच्या सीलवर येतो, आणि हे जास्त वाईट. लिफ्टच्या बाजूच्या अरुंद पट्ट्या, जिन्याच्या छोट्या खिडक्या यांची डबल ग्लास लवकर धुरकट होते, त्यात याचा हात असू शकतो. उन्हाळ्यात आतली हवा तापली की भर पडते.

टेंडरमध्ये दोन ओळी घाला. एक, काच ज्या कारखान्यात सील होणार त्याची उंची आणि इमारतीच्या जागेची उंची, दोन्ही बोलीदारानं लिहायच्या. दोन, फरक जास्त असेल तर दाब जुळवण्याची पद्धत काय ते सांगायचं : सील करताना आतला दाब बेतणं, किंवा बारीक केशनळी ठेवून इथे आल्यावर बंद करणं. ज्याला प्रश्नच कळला नाही त्यानं आजवर किती डबल ग्लास घाटावर चढवली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. आणि नमुन्याची काच मागवाल तेव्हा ती इथे, उघड्यावर, उभी करून पाहा. मुंबईच्या शोरूममध्ये पाहून पसंत करू नका.

प्रश्न : नमस्कार ताई. माझं अंबडला छोटं युनिट आहे, एसीपी, लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची झडप) आणि खिडक्यांची कामं करतो. पंधरा-वीस माणसं आहेत. मोठ्या टेंडरमध्ये टर्नओव्हरची अट घालतात आणि आम्हाला दारातूनच परत पाठवतात. काम आम्हालाही येतं. कन्सल्टंट लोक नेहमी मुंबई-पुण्याचीच नावं का सुचवतात?
— एक फॅब्रिकेटर, अंबड

उत्तर : (पहिल्या पत्रातले तुम्ही नसाल अशी आशा आहे.) रास्त तक्रार आहे. मुंबईचं नाव सुचवणं सोपं असतं. काम बिघडलं तर ‘एवढी मोठी कंपनी होती’ म्हणून सुटता येतं. तुमचं नाव सुचवून बिघडलं तर आम्हाला जाब विचारतात.

अटींचा हेतू मात्र समजून घ्या. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पद्धतीत अंदाजित खर्चाच्या ८० टक्क्यांचं एक, किंवा ६० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन तशाच प्रकारची कामं पूर्ण केलेली मागतात. खासगीवाले तेच उचलतात, बरेचदा न वाचता. त्यामागचा प्रश्न इतकाच, की मध्येच पैसे संपून हा माणूस काम टाकून जाईल का? कारण ग्लेझिंगमध्ये ॲल्युमिनियम आणि काच आधी विकत घ्यावी लागते, बिल नंतर निघतं. त्या प्रश्नाचं उत्तर टर्नओव्हरखेरीज दुसऱ्या मार्गानंही देता येतं. सध्या हातात असलेल्या कामांची यादी द्या, कोणतं किती झालं आणि कधी मोकळे होणार यासकट. ही यादी मोठ्या कंपन्या द्यायला टाळतात, कारण त्यांनी एकच इन्स्टॉलेशन गँग तीन टेंडरांत दाखवलेली असते. तुम्ही दिलीत तर वाचणारा थांबतो.

दर देण्याआधी लेखी शंका विचारा. ‘स्लॅबची कड ओळंब्यात किती आहे याचा सर्व्हे मिळेल का? नसल्यास ब्रॅकेटच्या स्लॉटपलीकडच्या फरकाचा खर्च कोणाचा?’ एवढा एक प्रश्न आला तरी मला कळतं की हा माणूस साइटवर उभा राहिलेला आहे. कड चाळीस-पन्नास मिलिमीटर आत-बाहेर असणं आपल्याकडे रोजचं आहे, आणि टेंडरमध्ये त्याबद्दल अक्षर नसणं हेही रोजचं. वगळलेल्या गोष्टी पहिल्या पानावर लिहा. ॲल्युमिनियमचा कोणता भाव धरून दर दिला ते तारखेसह लिहा, म्हणजे लंडन मेटल एक्स्चेंजचा भाव हलला तर भांडण न होता बोलणं होईल.

आणि स्ट्रक्चरल ग्लेझिंग अंगावर घेऊ नका, अजून तरी. तुमच्याकडे धूळ नसलेली खोली आणि दोन घटकांचा पंप नाही, असं तुम्हीच पत्रात लिहिलंय. साइटवर गनमधून स्ट्रक्चरल सिलिकॉन मारणारे लोक मी पाहिले आहेत, सातपूरच्या धुळीत, काच पुसायला अंगातला शर्ट. तसं करू नका. काच-प्रोसेसरकडून बाँडिंग करून घ्या, किंवा मोठ्या कंपनीसोबत एसीपी आणि लूव्हरचा भाग घ्या. फक्त एसीपी जिथे काचेला भिडतो तो सांधा कोणाचा हे लेखी ठरवून घ्या. पाणी तिथूनच येतं आणि दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

प्रश्न : आमच्या छोट्या हॉस्पिटलच्या एलिव्हेशनला एसीपी लावायचा आहे. तिन्ही कोटेशनांत ‘एफआर ग्रेड’ (फायर रिटार्डंट, सहज न पेटणारा) लिहिलंय. एकानं लायटर लावून दाखवलं, पेटलं नाही. एवढं पुरे का?
— मुंबई नाका

उत्तर : नाही. लायटरचा खेळ एसीपीच्या प्रत्येक दुकानात चालतो. छोटी ज्योत काही सेकंद लावणं आणि खिडकीतून बाहेर आलेली आग यांचा एकमेकांशी संबंध नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली, ७२ माणसं गेली. आग बाहेरून वर धावली, आणि चौकशीत मुख्य कारण ठरलं ते ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमधलं पॉलिथिलीन. तुमच्या इमारतीत जिना उतरू न शकणारी माणसं झोपलेली असतात. हॉस्पिटलला मी ए२ वर्गाचा (जवळजवळ न जळणारा) कोअर मागेन, ‘एफआर’ या अक्षरांवर समाधान मानणार नाही; ती अक्षरं कोणीही छापतो.

कोटेशनात शीटचा ब्रँड, कोअरचा वर्ग आणि त्या नेमक्या उत्पादनाचा लॅब रिपोर्ट मागा. रिपोर्टवरचं उत्पादनाचं नाव आणि शीटच्या पाठीवर छापलेलं नाव जुळतंय ना, हे माल उतरतानाच बघा. नमुन्याला ए२ आणि ट्रकमध्ये भलतंच, हे घडतं. दर गाडीतली एक शीट कापून तुकडा तारीख टाकून जपून ठेवा. तुकडा कापणार हे टेंडरमध्येच लिहा, नाहीतर त्या शीटचे पैसे तुमच्या बिलात येतील.

प्रश्न : लॅबमध्ये मॉक-अप टेस्ट (दर्शनी भागाचा खऱ्या मापाचा नमुना उभारून चाचणी) करायची तर खर्च फार सांगतात. सात मजल्यांच्या इमारतीला ती वगळली तर चालेल?
— साइट इंजिनिअर, इंदिरानगर

उत्तर : तुमची सिस्टीम नेहमीची असेल, तिचा आधीच्या कामाचा टेस्ट रिपोर्ट बोलीदार देत असेल आणि काचेचे आकार त्या रिपोर्टमधल्यापेक्षा मोठे नसतील तर चालेल. पण मग साइटवरची पाण्याची चाचणी टेंडरमध्ये घाला. पहिला पट्टा लागला की, पुढचं काम थांबवून, ठरावीक नोझलनं ३० ते ३५ पीएसआय दाबानं, सांध्यापासून एक फुटावरून, दर पाच फूट सांध्याला पाच मिनिटं पाणी मारायचं आणि आत टॉर्च घेऊन एकानं उभं राहायचं. पहिलं रनिंग बिल या चाचणीला बांधा. बागेची नळी लावून ‘बघा, गळत नाही’ म्हणतील, ती चाचणी नव्हे.

प्रश्न : माझ्या मेहुण्याचं ग्लेझिंगचं वर्कशॉप आहे. घरातून दबाव आहे की काम त्यालाच द्यावं. काम तो बरं करतो. पण भागीदारांना काय सांगू?
— नाव, पत्ता देऊ नये

उत्तर : भागीदारांना नातं आजच सांगा, दुसरीकडून कळलं तर दर कितीही कमी असला तरी खपणार नाही. मेहुण्याला टेंडर भरू द्या, त्याच तक्त्यावर, त्याच तारखेला. दर उघडताना तुम्ही त्या खोलीत नका बसू. काम त्यालाच मिळालं तर मोजमाप वहीवर सही तुमची नको, कन्सल्टंटची किंवा भागीदाराच्या इंजिनिअरची असू द्या, आणि रिटेन्शन (बिलातून राखून ठेवायची रक्कम) बाकीच्यांइतकंच कापा, पाच टक्के तर पाच टक्के. घरी बहीण, बायको काय म्हणतील ते या सदराच्या कक्षेत येत नाही. पण तक्त्याची एक प्रत मेहुण्याला कोऱ्या स्वरूपात आजच पाठवा. तो भरताना कुठे अडखळतो ते दिवाळीआधी कळलेलं बरं.